तिसरा गुंडा

पडद्यावरच्या गोदामात हिरोची मूठ कानशिलावर बसली आणि कवडू पौनीकर पोत्यांच्या थप्पीवरून कोलांटी खाऊन खाली पडला. थर्ड क्लासातून आरोळी उठली. शिट्ट्या झाल्या, पडद्याच्या दिशेनं सुटी नाणी भिरकावली गेली, कुणीतरी बाकावर उभं राहून 'वन्स मोअर!' ओरडलं, आणि मग सगळं थेटरच तेवढं एक ओरडायला लागलं.

खरा कवडू पौनीकर त्या वेळी वर बाल्कनीत पहिल्या रांगेत बसला होता. मांडीवर फुटाण्यांची पुडी होती आणि शेजारी होणारे इवाई मधुकरराव होते, त्याच्या लेकीचे उद्याचे सासरे.

"काय पडले बाप्पा तुमी!" मधुकररावांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "थांबा, अजून एक डाव पाहू."

त्यांनी अंधारातच दाराकडे वळून हात फिरवला. मधुकरराव या टॉकीजचे मॅनेजर. त्यांचा हात दाराजवळच्या माणसाला कळला, त्याचा निरोप वर ऑपरेटरला गेला. पडदा आधी पांढरा झाला, मग काळा. पब्लिकनं आनंदानं बाकं बडवली. नागपूरच्या पब्लिकची ही खोड जुनीच होती. गाणं आवडलं, मारामारी आवडली, की रीळ उलटं गुंडाळून पुन्हा दाखवायचं. नाही दाखवलं तर केबिनच्या खिडकीवर चपला येत. पण आज त्यात पाहुणचारही होता. कुणी पाहुण्याला टोपी-उपरणं देतं, कुणी विडा देतं. मधुकररावांनी कवडूला त्याचाच मार आग्रहानं दुसऱ्यांदा वाढला.

कवडू हसला. न हसून करणार काय? शहात्तर सालची संक्रांत नुकतीच होऊन गेली होती आणि प्रेमलताला सव्विसावं सरून सत्ताविसावं लागत होतं. हे तिसरं स्थळ. पहिल्या दोघांनी पोरगी पाहिली, पसंत केली, आणि मग बाप काय करतो ते विचारलं. बाप मुंबईला सिनेमात मार खातो असं कळल्यावर पहिल्यांची पत्रिका जुळेना. दुसरे मोकळ्या तोंडाचे होते. पडद्यावर बायांचे हात धरणाऱ्याची लेक आम्हाला नको, असं त्यांनी दारातच सांगून टाकलं. प्रेमलताला नऊ वर्षांची असल्यापासून कवडूच्या विधवा बहिणीनं, सिंधूताईनं, तांडापेठेतल्या घरी वाढवलं होतं. ती त्या दिवशी म्हणाली होती, तुझं तोंडच आडवं येऊन राहिलं तिच्या नशिबाले. अशात हे स्थळ सांगून आलं, ज्यांना कवडूच्या तोंडाचंच कौतुक. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, त्यातली गत झाली होती.

मुलगा सुधाकर बापाच्या पलीकडे बसला होता. सरकारी कचेरीत कारकून, पगार नियमित, दारू-पत्त्यांचं नाव नाही. केसांचा कोंबडा हिरोसारखा काढलेला, कॉलर हिरोसारखी उभी. दिसायला उजवा होता आणि ही गोष्ट त्याच्यापासून कुणी लपवून ठेवलेली नव्हती.

"मामाजी," तो वाकून म्हणाला, "या पिच्चरमंदी तुमी नेमके कोण?"

"तिसरा गुंडा."

"तसं नाही. म्हणजे काम काय तुमचं?"

"शेठच्या गोदामावर पहारा करतो. हिरो तिजोरी फोडाले येते. मी त्याले अडवतो."

सुधाकरला गंमत वाटली. "म्हणजे चोर तो, आन् गुंडा तुमी?"

"हिरो आहे ना तो," कवडू म्हणाला. "त्याची माय बिमार आहे."

मधुकरराव खो खो हसले. कवडूनं हा विनोद पूर्वीही केला होता आणि तो दर वेळी चालायचा. त्यात खोटं काही नव्हतं. चोवीस-पंचवीस वर्षांत कवडू नेहमी दाराच्या चुकीच्या बाजूला उभा राहिला होता. कधी पहारेकरी, कधी मुनिमाचा माणूस. एकदा तर तो नुसता टॅक्सीवाला होता. हिरोला पाठलाग करायचा होता म्हणून हिरोनं त्याला चालत्या गाडीतून ढकलून दिलं होतं आणि पब्लिकनं टाळ्या पिटल्या होत्या. टॅक्सीवाल्याचं पुढं काय झालं ते पिक्चरमध्ये नव्हतं.

पडदा उजळला. गोदाम पुन्हा आलं.

या खेपेला कवडूनं पडद्याकडं पाहिलं नाही. त्याच रांगेत डाव्या हाताला, वाटेपलीकडं, बायकांच्या खुर्च्या होत्या. सुधाकरची आई कांताबाई, मग सिंधूताई, आणि टोकाला प्रेमलता. पडद्याचा उजेड तिच्या गालावर हलत होता. मूठ बसली तशी कांताबाई "अगा माय!" म्हणून सिंधूताईच्या अंगावर रेलली. थेटर कोसळायचं तेवढं राहिलं. प्रेमलताची पापणी लवली नाही. तव्यावरची पोळी फुगायची वाट बघावी तशी ती बघत होती.

ती मूठ खरी होती. सगळ्या थेटरात हे एकट्या कवडूला ठाऊक होतं.

सिनेमातली मूठ गालापासून चार बोटं दुरून जाते. मार खाणारा आपली मान आपणच फिरवतो, आणि आवाज मागाहून भरतात. दहा-बारा वर्षांमागे या गोदामात मात्र हिरोचा पाय तीनदा पोत्यात अडकला होता. तिसऱ्या खेपेला तो सपशेल आपटला. खुर्चीत बसलेली हिरोइन खळखळून हसली, आणि त्याला उठवायला वाकलेल्या कवडूच्या ओठांवरही जरासं काही उमटलं असावं. चौथ्या खेपेला हिरोनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं नाही, कानाकडं पाहिलं. खोटं मारणारा माणूस डोळ्यांत बघतो. ज्याला खरं मारायचं असतं तो जागा बघून ठेवतो. कवडूला ते मूठ येण्याआधी कळलं. बाजूला होता आलं असतं, पण शॉट बिघडला असता. त्यामुळं तो वेळेवर पडला. "ओके!" डायरेक्टर ओरडला आणि साऱ्या सेटनं टाळ्या वाजवल्या. हिरोनं स्वतः त्याला उठवून छातीशी धरलं, "लगा तो नहीं, यार?" म्हणून विचारलं.

"नहीं साब," कवडू म्हणाला.

लागलं म्हणणाऱ्या फायटरला दुसऱ्या दिवशी बोलावणं येत नाही. डावा कान महिनाभर गुणगुणला आणि मग कायमचा गप्प झाला. त्याच महिन्यात हिरोचा अंधशाळेत ब्लँकेटं वाटतानाचा फोटो पेपरात आला होता. कवडूच्या चाळीतल्या बायकांनी तो भिंतीला चिकटवला.

त्याचा स्वतःचा हात मात्र कॅमेऱ्यासमोर कधीच कुणाला लागला नव्हता. फाइट मास्टर नव्या पोरांना सांगायचा, याला बघा, याच्या नि समोरच्याच्या मधे काच असते. हिरोइनचा हात धरून ओढायचं काम आलं तरी तो असं धरायचा की बांगडी वाढत नसे. एकीनं तर त्याला राखी बांधली होती. ही गोष्ट कवडू ओळख होताच पहिल्या पाच मिनिटांत सांगे, आणि मधुकररावांना त्यानं ती सकाळीच सांगून टाकली होती.

मॅटिनी सुटल्यावर सगळे तांडापेठेत आले. सिंधूताईनं पहाटेपासून खपून वडा-भात केला होता, पाटवडीचा रस्सा केला होता. कांताबाईच्या पिशवीतून नारळाची शेंडी आणि साखरेचा पुडा दिसत होता. म्हणजे बोलणी झाल्यातच जमा होती. जेवणं उरकायची, मुलीला विचारल्यासारखं करायचं आणि कुंकू लावायचं. गल्लीतली माणसं काही ना काही निमित्त काढून आंगणात येत होती. सिनेमातला माणूस गल्लीत रोज जेवायला बसत नाही.

कवडू पाणी प्यायला सैपाकघरात गेला तेव्हा सिंधूताई एकटी होती.

"गाडी उद्याचीच ना तुही?"

"हो. रातची."

"मंग आज नीट राह्य," ती म्हणाली आणि रश्श्याकडं वळली.

ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. बायकोला, रुखमाला, पोचवून तो पोरीला घेऊन इथं आला, तेव्हापासूनचं हे. कवडूला वाटे, वहिनीवर जीव होता बिचारीचा. रुखमा होतीच तशी. गरीब, पण धांदरट. चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत सारखी कुठं ना कुठं आपटायची. कधी दाराच्या चौकटीला, कधी नळाला. मग काविळीनं गेली. बायकोबद्दल कुणी विचारलं की कवडू एवढंच सांगे, आणि इतकी वर्षं तेच सांगून त्यालाही आता एवढंच आठवे.

जेवणं झाली. मंडळींनी आंगणातच हात धुतले, सुपारी फिरली. आणि कुंपणावरून कुणीतरी हाळी दिली, "कवडूभाऊ, एखादी फाइट होऊन जाऊ द्या!"

"अरे, खाल्ल्यावर कुठं—" कवडू म्हणाला.

"दाखवा बाप्पा, दाखवा," मधुकररावांनी खाट मागं सरकवून जागा केली. "आमचा सुधाकर होईन हिरो. शोभते ना?"

सुधाकर बाह्या दुमडतच उठला. बायका दारात आल्या. प्रेमलता सिंधूताईच्या मागं, हातात तसराळं घेऊन उभी राहिली.

कवडूला नाही म्हणता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला म्हणायचंही नव्हतं. लेक बघत होती. आयुष्यात जे एक काम त्याला नीट येत होतं ते तिनं कधी जवळून पाहिलंच नव्हतं. त्यानं सुधाकरला हात धरून शिकवलं. पाय असा रोवायचा, खांदा आधी फिरवायचा, मूठ इथून, गालापासून चार बोटं दूर. मान मी फिरवतो.

"आन् माह्या डोळ्यांत पाह्य," तो म्हणाला. "डोळे सोडायचे नाही."

सुधाकरनं जोरात हात फिरवला. हात धुतलेल्या पाण्यानं फरशी ओली होती. त्याची चप्पल सटकली आणि कवडू पडायच्या आत हिरोच बुडावर आपटला. कवडू सवयीनं मागाहून पडला. आंगणात हशाची लाट उठली. मधुकररावही हसले. आणि दारातून प्रेमलताचं हसू आलं, मोकळं, मोठ्यानं. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसली होती. कवडूला पडल्या जागी बरं वाटलं.

सुधाकर उठला. त्यानं पँट झटकली आणि दाराकडं बघितलं.

"वन्स मोअर!" कुंपणावरून कुणीतरी ओरडलं, आणि सगळ्या आंगणानं ते उचललं.

दुसऱ्या खेपेला सुधाकरनं चपला काढून ठेवल्या. पाय नीट रोवला. खांदा छान फिरवला. फक्त त्यानं कवडूच्या डोळ्यांत पाहिलं नाही, डोळ्याखालच्या हाडाकडं पाहिलं.

कवडूला मूठ येण्याआधी कळलं. आणि तो वेळेवर पडला.

खाटेच्या खुराला त्याचं कोपर लागलं. डोळ्यांपुढं सगळं पिवळं झालं, तोंडात रक्ताची चव आली. आंगणानं टाळ्यांचा कडकडाट केला. "अगदी असली वाटते!" मधुकरराव कुणाला तरी सांगत होते. मग दोन हात त्याच्या काखेत शिरले, त्याला उभं केलं आणि छातीशी धरलं. केसांच्या तेलाचा वास आला.

"लागलं तर नाही ना, मामाजी?"

"नाही," कवडू म्हणाला.

सुधाकर दूर झाला. त्याची बोटं लाल झाली होती. त्यानं हात पँटीच्या खिशात घातला. चेहऱ्यावर राग नव्हता. पोटभर जेवून उठलेल्या माणसाची असते तशी शांतता होती. कवडू त्या शांततेकडं बघत राहिला. ती त्याच्या ओळखीची होती.

आतल्या खोलीत तो कोनाड्याजवळ टेकला तेव्हा प्रेमलता वाटीत आंबेहळद उगाळून घेऊन आली. बाहेर सुपारी चालली होती, कांताबाई कुंकवाची कुयरी मागत होती.

"मान वर करा."

त्यानं केली. तिनं बोटानं लेप लावायला सुरुवात केली. तिचं बोट गार होतं.

"बाबा, त्यानं मुद्दाम मारलं का?"

कवडू कोनाड्यातल्या दिव्याकडं बघायला लागला.

"तुमाले कळते," ती म्हणाली. "मले सांगा. बाहेर सारे थांबले आहेत."

त्याला कळलं होतं. सांगायला एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दामागून काय काय येणार तेही त्याला दिसत होतं. तिसरं स्थळ मोडणार. गल्ली म्हणणार, गुंड्याची पोर, कोण करणार. सिंधूताईचे गुडघे गेलेले, ती आणखी किती वर्षं पुरणार? आणि तो स्वतः उद्या गाडीत बसून मोकळा होणार. शिवाय मुलगा वाईट कुठं होता? नोकरी होती, व्यसन नव्हतं, घर होतं. चारचौघांत हसं झालं, तरुण रक्त, सुटला हात. एखाद्या वेळी सुटतो. सुटतोच की माणसाचा.

"नाही वं," तो म्हणाला. "माहीच मान उशिरा वळली."

तिचं बोट थांबलं.

"तुमची?"

"वय झालं आता. त्याचा काय दोष? फरशीही ओली होती."

तिनं वाटीच्या काठाला बोट पुसलं, पुन्हा लेप घेतला आणि उरलेल्या सुजेवर सावकाश लावला.

"आईही असंच म्हणे," ती म्हणाली.

"काय?"

"शेजारच्या काकूले सांगे. दवाखान्यातल्या बाईले सांगे. माहंच चुकलं, मीच आडवी आली. मोरी ओली होती म्हणे."

बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं. कवडूनं उजवा कान तिकडं केला, जणू त्याला तिकडचंच ऐकायचं होतं.

"तू लहान होती," तो म्हणाला.

"मी खाटेखाली राहे. तिथून फक्त तुमचे पाय दिसत. आई पडली म्हणजे मंग तिचं तोंड दिसे." तिचा आवाज चढला नव्हता, घरातली एखादी वस्तू कुठं ठेवली आहे ते सांगावं तशी ती बोलत होती. "ती माह्याकडे पाहे आन् हसे. मी भिऊ नये म्हणून. आत्या सांगे, पिच्चरमंदी तुमचा हात कोणालेच लागत नाही. राखीची गोष्टबी सांगे. मले लय वर्षं वाटे, आत्या दुसऱ्याच कोणाचं सांगून राहिली."

कवडूनं तोंड उघडलं. काविळीचं सांगावं, दिवसभर लोकांच्या लाथा खाऊन आलेल्या माणसाचं सांगावं, दारूचं सांगावं. तिन्ही गोष्टी तोंडाशी आल्या आणि तिन्ही इतक्या जुन्या, इतक्या घोटलेल्या वाटल्या की त्याचीच त्याला शिसारी आली. रुखमाच्या कपाळावरची खोक त्याला दिसली. चौकटीची नव्हती ती. आणि त्या रात्री मोरी कोरडी ठणठणीत होती.

प्रेमलता उठली. तिनं पदराला बोटं पुसली.

"म्हणजे मारलं त्यानं," ती म्हणाली, आणि बाहेर गेली.

तो बसून होता. आंगणातला गलका कमी झाला, मग कांताबाईचा लाडिक आवाज आला, "ये वं बाई, बस अशी." आणि त्यावर प्रेमलताचा, अगदी स्वच्छ:

"मले नाही करायचं."

मधुकररावांनी तोंडातली सुपारी गालात सरकवली.

"लाजते," ते म्हणाले. "पोरी म्हणतेच असं."

"लाजत नाही मी. नाही करायचं."

"काहून पण? झालं काय?"

"बाबाले विचारा. त्यांले कळते."

कवडू दारात येऊन उभा राहिला. गालावर हळद, ओठ सुजलेला. सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. सिंधूताई त्याच्याकडं बघत होती. किती वर्षांनी ती सरळ त्याच्या तोंडाकडं बघत होती कोण जाणे. सुधाकर खाटेच्या कडेला टेकून उभा होता. हात अजून खिशात होता आणि ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू होतं. हा माणूस काही बोलणार नाही, याची त्याला खात्री होती. कवडूला त्या खात्रीचंही नवल वाटलं नाही. रुखमाबद्दल त्यालाही ती अशीच असे.

अजूनही सावरता आलं असतं. पोर आहे, तिले समजत नाही, मी समजावतो. एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर सांगितलं तसं, सांगितलं तेव्हा पडत आला होता तो. आणखी एकदा पडल्यानं काही बिघडणार नव्हतं.

"बोला ना, इवाई," मधुकरराव अजिजीनं म्हणाले. "पोरगा पसंत नाही का तुमाले? काही वाईट आहे का आमचा पोरगा?"

"वाईट नाही," कवडू म्हणाला.

मधुकररावांचा जीव भांड्यात पडला. "मंग?"

"माह्यासारखा आहे."

काही वेळ कुणालाच काही कळलं नाही. मग मधुकररावांच्या चेहऱ्यावर रक्त चढायला लागलं. त्यांनी सुपारी थुंकली.

"आमच्या पोराले गुंडा म्हणता? आमी तुमाले मान दिला, आमच्या थेटरात बाल्कनीत बसवलं, आन् तुमी—"

"मी त्याले गुंडा नाही म्हटलं."

"मंग काय म्हटलं?"

कवडूनं सुधाकरकडं पाहिलं. सुधाकरच्या ओठांवरचं हसू गेलं होतं आणि त्यानं हात खिशातून काढला होता. पाठीमागं नेऊन तो दुसऱ्या हातानं बोटं चोळत होता.

कांताबाईनं साखरेचा पुडा पिशवीत घातला, नारळ त्यावर ठेवला आणि ताडकन उठली. मधुकरराव जाताना गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत गेले. खलनायक तो खलनायकच, पोटच्या पोरीचं वाटोळं करतो, हे त्यांनी कोपऱ्यापर्यंत सांगितलं आणि कुंपणावरच्या माणसांना ते पटलं. थोड्या वेळापूर्वी टाळ्या वाजवणारी माणसं खाली मान घालून आपापल्या घरी गेली. एकजण जाता जाता म्हणाला, पडद्यावर दिसते तसाच निघाला.

कवडू आंगणात उभा राहिला. सिंधूताई आत गेली होती. भांड्यांचा आवाज येत होता. प्रेमलता पत्रावळी उचलत होती. एकीवर एक ठेवत तिनं सगळ्या गोळा केल्या, टोपलीत भरल्या, मग केरसुणी घेतली. तिनं एकदा तरी आपल्याकडं बघावं असं त्याला फार वाटत होतं. बोलायला नको, नुसतं बघावं. खरं बोलल्याचं काहीतरी मिळतं अशी त्याची समजूत असावी. सिनेमात मिळतं, शेवटच्या रिळात गुंडा खरं बोलला तर निदान हिरोच्या मांडीवर मरतो.

ती झाडत झाडत त्याच्याजवळ आली आणि थांबली. तो बाजूला झाला. तिनं त्याच्या जागेवरचा केर काढला.

"प्रेमा," तो म्हणाला.

"गाडी उद्याची आहे ना तुमची?" तिनं केरसुणीकडं बघतच विचारलं.

"हो."

"आजची भेटन का पाहा ना."

तो पाहतो म्हणाला, आणि ट्रंक आवरायला आत गेला.